बक्षिसाला बुलेट, धावपट्टीला पाणी नाही

दिवाळी सरली, सुगी उरकत आली की आपल्याकडं डिजिटल बोर्ड लागायला चालू होतात. निपाणी, चिकोडी, रायबाग, कागवाड, अथणी, कुठल्याही गावच्या फाट्यावर थांबा, वर ग्रामदैवत, खाली पुढाऱ्यांची रांग, त्याच्या खाली "भव्य घोडागाडी शर्यत" आणि मग बक्षिसं, पहिल्याला बुलेट, दुसऱ्याला साधी मोटरसायकल, तिसऱ्याला रोख रक्कम न् ढाल, अर्धा मजकूर मराठीत अर्धा कानडीत (आणि खरं सांगायचं तर या बोर्डावर दोन्ही भाषा जितक्या गुण्यागोविंदानं नांदतात तितक्या आपल्या सीमाभागात दुसरीकडं कुठं नांदत नाहीत). एन्ट्री फी किती, फोन कुणाला लावायचा, जेवणाची सोय कुठं, सगळं लिहिलेलं असतं. घोडे कशावर पळणार ते मात्र नसतं. असलंच तर अमुक फाटा ते तमुक कॅनॉल आणि परत, म्हणजे डांबरी रस्ता, ज्याच्यावरून सकाळी उसाच्या ट्रॉल्या गेल्या आणि रात्री परत जाणार.

माझं म्हणणं एवढंच आहे, पटलं नाही तरी ऐकून घ्या. शर्यत असावी की नसावी या वादात आपण लई वर्षं घालवली आणि घोड्याच्या खुराखाली काय आहे हे कुणी विचारलंच नाही. धावपट्टी वर्षभर राखायची ज्यांची तयारी नाही त्यांना घोडे पळवायचा हक्क नाही, मग ती शंभर वर्षांची परंपरा असू दे नाहीतर साहेबांचा वाढदिवस असू दे.

वाद कसा चालला ते माहितीच आहे सगळ्यांना. 2014 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं जल्लीकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतीपण थांबवल्या, मग कर्नाटकानं आणि महाराष्ट्रानं 2017 चे दुरुस्ती कायदे आणले, आणि 2023 च्या मे मध्ये घटनापीठानं ते उचलून धरले. झालं, आपण जिंकलो म्हणून सगळे मोकळे झाले. पण कर्नाटकाच्या दुरुस्तीत नाव आहे ते कंबळ्याचं (चिखलातली रेड्यांची शर्यत), बैलांच्या शर्यतीचं आणि बैलगाडी शर्यतीचं. घोड्याचं नाव त्यात नाही. म्हणजे बैलवाल्यांना जे कवच मिळालं ते घोडेवाल्यांना मिळालेलं नाही, 1960 चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा मूळ कायदा घोड्याला जसाच्या तसा लागू आहे, आणि तरीसुद्धा बैलाची शर्यत कायदेशीर झाली म्हणजे घोड्याचीपण झाली असं समजून आमची कमिटी निवांत असते. महाराष्ट्राच्या नियमात निदान पट्टीचा विचार तरी आहे, अंतर एक किलोमीटरच्या आत, खडकाळ नको, चिखल-दलदल नको, रस्त्यावर किंवा हायवेवर तर अजिबात नको. पाळतात किती ते सोडा, पण कुणीतरी बसून जमिनीबद्दल दोन ओळी लिहिल्या एवढं तरी झालं.

आता घोड्याच्या पायाकडं बघू. रेसचा घोडा साडेचारशे-पाचशे किलोचा. भरधाव सुटला की ताशी साठ किलोमीटरच्या आसपास जातो, आणि एका क्षणाला सगळा भार एकाच पुढच्या पायावर येतो, तो अंगाच्या वजनाच्या अडीच पट धरतात. म्हणजे हजार-बाराशे किलो, एका खुरावर, आणि ते पेलणारं नळीचं हाड मुठीत मावेल असलं. गाडीला जुंपलेला घोडा तेवढा वेग घेत नसेल, पण त्याच्या मागं छकडा, छकड्यात माणूस, माणसाच्या हातात चाबूक. खूर टेकताना आधी आपटतो, मग जरासा पुढं सरकतो, मग रोवला जातो आणि मागं रेटा देतो. जमीन चांगली असेल तर आपटतानाचा दणका ती गिळते, सरकायला थोडं देते, आणि रेटताना धरून ठेवते. डांबर यातलं काहीच करत नाही. दणका जसाच्या तसा वर जातो, टाचेत, गुडघ्यात, खांद्यात, आणि लोखंडी नाल गुळगुळीत डांबरावर रोवायच्या ऐवजी घसरतो. त्यात आपली अरत-परत शर्यत, म्हणजे अर्ध्या वाटेवर निशाणाला वळसा घालून परत यायचं, वळताना आतल्या पायावर जो ताण येतो तो डांबरावर कसा निभावतो ते त्या जनावरालाच ठाऊक. शिवाय मोसम सगळा कारखान्याचा, रस्त्यावर सांडलेला ऊस, ट्रॅक्टरच्या टायरनं आणलेला चिखल, गावाजवळ हंप, कडेला खडी, आणि मागं-पुढं हॉर्न वाजवत पन्नासभर मोटरसायकली. आणि एक घोडा एक बैल जुंपायची जी शर्यत आहे त्याबद्दल तर काय बोलावं, एकाचा खूर दुभंगलेला, दुसऱ्याचा सलग, एकाची टांग लांब, दुसऱ्याची आखूड, एकाला मऊ चालतं तिथं दुसरा फसतो, कुठलीही जमीन दोघांना सोयीची व्हायची नाही. ती बंदच व्हावी असं माझं स्पष्ट मत आहे.

पण रस्त्यावर पळवणारे सगळे बेअक्कल आहेत असं मी म्हणणार नाही. घोडेवाल्याला विचारा तर तो एकदम साधं उत्तर देतो, की बाबा रस्त्यावर खड्डा दिसतो, माळावर दिसत नाही. आणि हे खरं आहे! जत्रेच्या आदल्या दिवशी जेसीबी बोलावून माळावर जी पट्टी ओढतात ती कित्येक वेळा डांबरापेक्षा घातक असते. वरून लाल, सपाट, फोटोला झकास, आणि आत कुठं मुरूम, कुठं भरावाची भुसभुशीत माती, कुठं जुन्या बांधाचा दगड. कडक जमिनीवर घोडा आपलं पळणं बेतून घेतो, मऊ जमिनीवरपण घेतो, वेग कमी करतो, पाऊल बदलतो. पण दहा पावलं कडक आणि अकरावं मऊ निघालं तर बेतायला वेळच मिळत नाही, तिथंच शीर तुटते किंवा हाड जातं. म्हणून डांबराला पर्याय नुसती माती होत नाही, सगळीकडं एकसारखी असलेली माती हा पर्याय आहे, आणि एकसारखेपणा एका रात्रीत जेसीबीनं येत नाही.

आपल्या बेळगाव जिल्ह्यात तर हे काम जास्तच किचकट, कारण जमीन दर वीस किलोमीटरला बदलते. खानापूर, बेळगावच्या पश्चिमेला तांबडी न् जांभा, पाणी पटकन मुरतं पण उन्हाळ्यात खड्यासारखी टणक. मधे चिकोडी-हुक्केरीच्या माळावर मुरूम. आणि पूर्वेला कृष्णाकाठी, कुडची, उगार, अथणीकडं काळीभोर जमीन. काळी पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, मार्च-एप्रिलात तिला अशा भेगा पडतात की हात आत जावा, आणि ओली असताना तीच माती खुराला लाडवासारखी चिकटते. भेगेत खूर गेला तर पुढचं सांगायला नको. म्हणजे खानापूरची पट्टी आणि अथणीची पट्टी एकाच पद्धतीनं करून चालणारच नाही. काळीवर पळवायचंच असेल तर वरची काळी उपसून खाली दाबलेला मुरूम, मधे पाणी जायला उतार, आणि वर चार बोटं चाळलेली मोकळी माती असा थर द्यावा लागेल. अमेरिकेतले मातीचे ट्रॅक साधारण असेच असतात, खाली घट्ट बूड आणि वर तीन-चार इंचाचा मोकळा थर, आणि त्या मोकळ्या थराची मशागत दोन रेसच्या मधेसुद्धा चालू असते, ट्रॅक्टरला दाते लावून उलटायचा, पाणी मारायचं, परत सपाट करायचा.

यात शेतकऱ्याला नवीन काय आहे सांगा? वापसा (जमीन फार ओली नाही, फार कोरडी नाही अशी) आल्याशिवाय आपण औत घालत नाही, हे लहान पोराला कळतं. ट्रॅकवाल्यांची सगळी धडपड तीच असते, की जमीन पहिल्या फर्लांगापासून शेवटच्या फर्लांगापर्यंत एकसारख्या वापशावर ठेवायची. फक्त त्यासाठी पाणी किती लागतं याचा हिशेब आपण कधी केला नाही. करून बघू. एक किलोमीटर लांब आणि वीस मीटर रुंद पट्टी धरली तर झाले वीस हजार चौरस मीटर, म्हणजे पाच एकर. त्याच्यावर एक मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं तर वीस हजार लिटर. पाच मिलिमीटर, म्हणजे एक हलकीशी सर, द्यायची तर एक लाख लिटर, पाच हजार लिटरचे वीस टँकर! आणि आपण काय करतो, शर्यतीच्या सकाळी एक टँकर फिरवतो. त्यानं पाहुण्यांच्या कपड्यावरची धूळ वाचते, जमिनीच्या आत काही पोचत नाही, उलट वरचा पापुद्रा तेवढा चिकट होऊन खालची टणक जमीन तशीच राहते, म्हणजे घसरायची पक्की सोय. टँकरचा दर तुमच्या गावात काय चालू आहे तो धरा आणि वीसनं गुणा, आणि मग बुलेटची ऑन रोड किंमत बघा. कुठले पैसे कुठं गेले ते आपोआप कळेल.

रोटावेटरबद्दल पण एक सांगून ठेवतो, कारण हल्ली सगळे तोच घालतात. वरून माती पिठासारखी दिसते म्हणून लोक खूश. पण एकाच खोलीवर परत परत रोटावेटर घातला की त्याच्या खाली घट्ट थर तयार होतो, पाणी तिथंच अडतं, आणि मऊ पिठाखाली फरशी अशी जमीन होते. त्यापेक्षा आपला कुळव आणि मागून फळी बरी. जुने लोक शर्यतीच्या माळाला कुळवच घालायचे.

बरं, मोठ्या रेस क्लबकडं बघितलं तर ते काय करतात? मुंबईचा महालक्ष्मी रेसकोर्स 1883 चा, पुण्याचा 1830 चा, दोन्ही ठिकाणी रेस चालवतो तो एकच क्लब. हंगाम जमिनीप्रमाणं वाटून घेतलेला, मुंबईत नोव्हेंबर ते एप्रिल आणि पावसाळ्यात पुणे, कारण मुंबईच्या पावसात गवताच्या ट्रॅकवर रेस घ्यायची सोयच नाही. आपल्या म्हैसूरलापण पावसाळ्यात रेस असतात. हिरवळीच्या ट्रॅकवर दर रेसनंतर माणसं फिरतात, खुरांनी उखडलेली गवताची ढेकळं जागच्या जागी बसवतात, आतलं रेलिंग अधूनमधून सरकवून तुडवलेल्या भागाला विश्रांती देतात. आणि रेसच्या दिवशी जमिनीचं माप घेतात. पेनेट्रोमीटर म्हणून एक साधी सळी असते, टोक एक चौरस सेंटिमीटरचं, तिच्यावर एक किलोचं वजन एक मीटर उंचीवरून तीन वेळा सोडायचं आणि सळी किती आत गेली ते लिहायचं. ट्रॅकभर ठिकठिकाणी हेच करायचं आणि आकडे जाहीर करायचे, म्हणजे घोडेवाल्याला आधीच कळतं की आज जमीन कशी आहे, आपला घोडा काढायचा की परत न्यायचा. इंग्लंडात यापेक्षा भारी काठी आहे, ती जमिनीची पकडपण मोजते. पण ती साधी सळी? ती निपाणीतला कुठलाही वेल्डिंगवाला दुपारच्या चहापर्यंत बनवून देईल. आपल्या एवढ्या शर्यती होतात, त्यात जमीन मोजली असं मी आजवर ऐकलेलं नाही. गाडीचं वजन मोजतात, घोड्याचे दात बघतात, जमिनीवर थुंकून पुढं जातात.

इथं कुणी म्हणेल की पैसा असला की सगळं होतं, आपल्याकडं पैसा नाही. तर पैसेवाल्यांची गोष्ट ऐका. अमेरिकेत कॅलिफोर्नियात सांता अनिता म्हणून नामांकित ट्रॅक आहे. 2006 ला तिथल्या रेसिंग बोर्डानं हुकूम काढला की मोठ्या ट्रॅकनी माती काढून कृत्रिम पृष्ठभाग टाकायचा, रेती, रबर, धागे, मेण असलं मिश्रण. सांता अनितानं टाकला, तर पाण्याचा निचराच होईना, पावसात रेसचे दिवस रद्द करायची पाळी आली, आणि शेवटी 2010 ला परत माती. मग 2018 च्या डिसेंबरपासून 2019 च्या जूनपर्यंतच्या हंगामात तिथं तीस घोडे मेले. त्या हिवाळ्यात नेहमीपेक्षा बराच जास्त पाऊस झाला होता, आणि पाऊस येणार म्हटलं की तिथं वरचा थर रोलरनं दाबून बंद करतात म्हणजे पाणी वरच्या वर वाहून जावं, मग परत उकरतात, परत दाबतात. मार्चमध्ये रेस थांबवल्या, रडार लावून जमिनीच्या आतले थर तपासले, निवृत्त झालेल्या जुन्या ट्रॅक प्रमुखाला परत बोलावलं. पुढं चौकशीचा अहवाल आला त्यात एकाच कारणावर बोट ठेवलेलं नाही, पण पावसाचा ट्रॅक होता, बहुतेक घोड्यांच्या हाडात आधीपासून दुखणं होतं, आणि हंगाम भरायचाच म्हणून घोडे काढायचा दबाव होता, हे सगळं त्यात आलं. 2023 ला केंटकीतल्या चर्चिल डाउन्सला बारा घोडे गेले तेव्हा त्यांनी उरलेली रेस दुसऱ्या गावाला हलवली, जगातली एवढी नावाजलेली जागा असून.

मी यातून हे घेतो की जादूची माती कुठं मिळत नाही. कृत्रिम ट्रॅकवर घोडे कमी मरतात असं अमेरिकेचेच आकडे सांगतात, तिथं दर हजार धावांमागं 2009 ला 2.00 घोडे जायचे ते 2023 ला 1.32 वर आलं, आणि कृत्रिम ट्रॅकचा आकडा त्या वर्षी एकच्या खाली होता. पण तो ट्रॅकसुद्धा राखला नाही, निचरा बघितला नाही की निकामी. आणि दुसरं, हे आकडे आहेत म्हणून तरी कळतं की कमी झालं की वाढलं! आपल्याकडं एका मोसमात किती घोडे लंगडे झाले, किती गेले, कुठल्या गावच्या पट्टीवर, याची एक ओळ कुठं लिहिलेली नाही. लंगडा झालेला घोडा बाजारात जातो, नाहीतर रात्री टेम्पोत, आणि दुसऱ्या दिवशी स्टेटसला विजेत्याचा गुलालाचा फोटो.

माती राखायची अक्कल आपल्यात नाही असं कुणी म्हणू नये, कारण बेळगाव-कोल्हापूरचा हा पट्टा तालमींचा आहे. आखाड्याची लाल माती चाळून आणायची, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालायचं, रोज पहाटे खोऱ्यानं उकरून परत सारखी करायची, वस्तादाच्या परवानगीशिवाय चप्पल घालून कुणी आत पाय ठेवायचा नाही. का, तर पैलवान पडला तर लागू नये, कातडी सोलू नये. माणसाच्या पाठीसाठी आपण पिढ्यान् पिढ्या हे केलं. आता तेवढंच घोड्याच्या पायासाठी करायला सांगितलं तर लोक हसतात, म्हणतात घोडा काय गादीवर पळणार काय ओ. गादीवर नको, पण निदान त्याच्या पायाखालची जमीन तुम्ही एकदा अनवाणी चालून बघा की!

जागेचा प्रश्न मात्र खरा आहे. पूर्वी प्रत्येक गावाला माळ होता, गायरान होतं, आपल्या सरकारी कागदात ज्याला गोमाळ म्हणतात ते. दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, कृष्णा, सगळीकडनं पाणी उचललं आणि माळ उसाखाली गेले, ते चुकीचं झालं असंही मी म्हणणार नाही, त्याच उसावर घरं उभी राहिली आणि त्याच उसाच्या बिलावर लोकांनी शर्यतीचे घोडे घेतले. राहिलं त्यात आश्रय वसाहत (सरकारी घरकुलांची), कचरा डेपो, पाण्याची टाकी, आणि उरलेलं बांध सरकवून सरकवून लोकांनी खाल्लं. शहरात तर विचारूच नका. कोल्हापुरात रेसकोर्स नाका आहे, रिक्षावाला डोळे झाकून नेऊन सोडतो, रेस बघायला मिळत नाही एवढंच. बेळगावात रेसकोर्स म्हणतात त्या बाजूला गोल्फ कोर्स आहे, 2022 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या झाडीत बिबट्या शिरला तेव्हा आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि शोधायला शिमोग्याकडच्या सक्रेबैल कॅम्पातनं हत्ती आणले, म्हणजे बिबट्याला लपायला पुरेल एवढी जागा अजून आहे. महालक्ष्मीलासुद्धा 2024 ला सुमारे 211 एकरातली 120 एकर सार्वजनिक पार्कसाठी महापालिकेकडं गेली आणि 91 एकर क्लबकडं राहिली. शहराच्या मधे श्रीमंतांच्या खेळाला एवढी जागा कशाला हा प्रश्न योग्यच आहे. मला त्यातून आपल्यापुरतं एक दिसतं, की जागा वर्षातले दोन दिवस वापरून बाकी वर्षभर कुलूप लावून ठेवली तर ती आज ना उद्या जाणारच.

म्हणून प्रत्येक गावाला पट्टी हा हट्ट सोडावा. तालुक्याला एक, कायमची, पाच-सहा एकरात. सकाळी पोरं पोलीस भरतीचं, मिलिटरी भरतीचं रनिंग करतात ती आज डांबरी रस्त्याच्या कडेनं जीव मुठीत धरून करतात, त्यांना ती मोकळी ठेवा, कडेच्या पट्टीवर. त्यानं जागेवर माणसांचा वावर राहील आणि अतिक्रमणपण होणार नाही. खर्च कुठनं काढायचा? पहिल्या तीन बक्षिसांतनं थेट कापा आणि एन्ट्री फीतला ठराविक हिस्सा धावपट्टीच्या खात्यात टाका, त्या खात्याचा हिशेब पंचायतीच्या बोर्डावर लावा. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), पशुवैद्यकीय डॉक्टर आणि घोडेवाल्यांमधले दोन अशी चार माणसं बास झाली, वीस जणांची कमिटी केली की नुसता सत्काराचा खर्च वाढतो.

यावर दोन बाजूंनी दगड येणार हे मला माहीत आहे. शौकीन म्हणणार की मजा रस्त्यावरच आहे, बंद पट्टीवर बाजूनं मोटरसायकल पळवता येत नाही, घोड्याच्या तोंडासमोर मोबाईल धरता येत नाही. खरंय, येत नाही, आणि ते बरंच आहे. शर्यत बघायची असेल तर कठड्याबाहेर उभं राहून बघावी. दुसरीकडं प्राणीमित्र म्हणणार की चांगला ट्रॅक करून तुम्ही क्रूरतेला पॉलिश लावताय, सरळ बंद करा. या दुसऱ्यांचं बोलणं मी सहज उडवून लावणार नाही, कारण चाबूक आहे, इंजेक्शनच्या गोष्टी कानावर येतात, आणि मोठ्या रेसकोर्सवरून उतरलेले घोडे हातोहात फिरत फिरत छकड्याला येऊन लागतात ते आधीच पायानं थकलेले असतात. फक्त त्यांना एक सांगावंसं वाटतं, बंदीच्या काळातपण शर्यती होत होत्याच, फरक एवढाच की त्या पहाटे, आडवाटेला, कुठल्याही जमिनीवर आणि डॉक्टरशिवाय व्हायच्या. पट्टीची अट बंदीपेक्षा जास्त शर्यती बंद पाडेल असा माझा हिशेब आहे, कारण अट खर्चाची आहे आणि आपली निम्मी मंडळं खर्च म्हटला की पांगतात. पांगू देत. तालुक्याला वर्षात दोनच शर्यती राहिल्या तरी मला चालतंय.

सगळ्यात अवघड मात्र पैसा नाही, जागाही नाही. अवघड आहे ते ऐन दिवशी नको म्हणणं. रेस क्लबात स्टुअर्ड, म्हणजे रेसवर देखरेख ठेवणारे अधिकारी, ट्रॅक बघून रेस रद्द करू शकतात, घोडे पॅडॉकमध्ये (रेसच्या आधी फिरवायच्या जागेत) येऊन उभे असले तरी. आपल्याकडं आदल्या रात्री अवकाळीची सर आली, पट्टी निसरडी झाली, तर सकाळी कोण बोलणार? लांबनं टेम्पो आलेत, मिरजेकडनं, जयसिंगपूरकडनं लोक आलेत, मंडप घातलाय, उद्घाटनाला साहेब निघालेत, मटणाची पातेली चुलीवर आहेत. कोण माईकवर जाऊन सांगणार की जमीन बरोबर नाही, आज घोडे सुटणार नाहीत? सांता अनितात हंगाम भरायचा दबाव होता म्हणतात, आपला मटणाच्या पातेल्याचा दबाव काही कमी नाही. म्हणून हा हक्क शर्यतीच्या आधी, कागदावर, एका माणसाला द्यावा लागतो, आणि तो माणूस गावचा असता कामा नये, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याला त्याच गल्लीतनं जायला नको.

घोडेवाल्यांनो, तुमच्याशी शेवटचं बोलतो, कारण कमिटी ऐकेल ती फक्त तुमचंच. घोडा तुमचा, खुराक तुमचा, दूध-अंडी-बदाम तुम्ही घालता, नालबंदाला पैसे तुम्ही देता, आणि जमीन कशी आहे हे विचारायची लाज वाटते होय? यंदा बोर्डावरच्या नंबरला फोन लावाल तेव्हा बक्षीस विचारायच्या आधी तीन प्रश्न विचारा. पट्टी कुठल्या मातीची आणि पाणी कधीपासून चालू केलंय. जमिनीचं माप कोण घेणार आणि आकडा किती वाजता सांगणार. आणि शर्यत रद्द करायचा अधिकार कुणाच्या हातात आहे, त्याचं नाव काय. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा "ते बघू की" म्हणाला तर एन्ट्री फी खिशातच ठेवा.